हिमांशूच्या खोलीतली खरखर

दवनीवाड्यात मनिरामच्या कानाला मान होता. आपल्या धानाच्या गिरणीत साळ भरडणारा हालर चालू असताना तो लांब पेचकस बेअरिंगवर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आठ दिस. जास्त नाई." आठव्या दिवशी ते बेअरिंग जायचंच. आजूबाजूचे पंपवाले, थ्रेशरवाले त्याला गाडीवर बसवून न्यायचे, घरात कोणी आजारी पडल्यावर वैदूला न्यावं तसं. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक मशीन चार वर्षं रडत होती आणि ती का रडते हे त्याला कळू नये, म्हणजे कमालच म्हणायची. पण त्याला तरी किती बोल लावावा? लोकांची दुखणी ऐकणारा कान आपल्या घरात शिरला की बहिरा होतो, असं होतंच.

मशीन म्हणजे त्याच्या एकुलत्या एका पोराचा, हिमांशूचा, गेम खेळायचा कॉम्प्युटर. बारावीला मार्क चांगले पडले म्हणून नागपूरहून आणवलेला, तोही कोणी दोन वर्षं वापरून सोडलेला. ट्रंकेएवढा काळा डबा, एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे आणि पाच पंखे. चार वर्षांपूर्वी पोळा झाल्यावर हिमांशू घर सोडून पुण्याला गेला, डबा मागे राहिला. तेव्हापासून मनिराम तो रोज संध्याकाळी, देवाजवळ दिवा लागला की, अर्धा तास चालू ठेवत आला होता.

का, असं कोणी विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. उभी मशीन जाम होते. मग ते इंजिन असो, पंप असो नाहीतर सायकल. बंद हंगामात गिरणीचा हालरही तो आठवड्यातून एकदा हातानं फिरवायचा. "चालती मशीन मरत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कॉम्प्युटरमध्ये आणि हालरमध्ये काही फरक असू शकतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि आणून देणारंही कोणी नव्हतं.

कॉम्प्युटरचा पडदा, म्हणजे मॉनिटर, तो लावायचा नाही. त्यावर बायकोनं, रुख्मानं, जुना टॉवेल टाकला होता, तो तसाच. आपल्याला त्यातलं काय कळतं, मशीन फिरली म्हणजे झालं. बटण दाबलं की डबा एकदा लांब आणि तीनदा तोकडं टीं टीं करायचा, मग दिवे लागायचे, पंखे घुमू लागायचे. ती टीं टीं मनिरामला फार आवडायची. "पाह्य, वळखते मले," असं तो रुख्माला सांगायचा. रुख्मा वातीचे हात पदराला पुसत आत जायची.

दर दसऱ्याला गिरणीच्या मोटारीला हळदकुंकू लागलं की दुसरा मान या डब्याचा. त्याला झेंडूची माळ, समोर नारळ, आणि त्या दिवशी पूर्ण विश्रांती. आणि दर पंधरा दिवसांनी मनिराम काच उघडून पाचही पंख्यांत शिलाई मशीनचं तेल सोडायचा. दोन-दोन थेंब, जास्त नाही. खोली गिरणीला लागूनच, मधे फक्त एक भिंत. गिरणी चालली की कोंड्याची धूळ देवाच्या तसबिरीवरसुद्धा बसायची, तर डब्यावर का बसणार नाही? ती तो फडक्यानं बाहेरून पुसायचा आणि वरून तेल घालायचा. एवढं पोराचंही कोणी करत नाही, असं शेजारची सुलोचनाबाई म्हणायची, आणि ती टोमणा मारत होती की कौतुक करत होती हे तिचं तिलाच ठाऊक.

भांडणाचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पोळ्याच्या चौथ्या दिवशी दुपारी गिरणीचा पट्टा सुटला आणि मनिरामच्या हाताला घासून गेला. बोटाचं नख उडालं. त्यानं तीन हाका मारल्या. हिमांशूच्या खोलीचं दार बंद, आत पंख्यांची घरघर. दोन महिन्यांपासून हेच चाललं होतं, गिरणीत ये म्हटलं की दार बंद आणि घरघर. मनिराम रक्त गळत्या हातानं आत शिरला, दाराशीच असलेलं बोर्डाचं बटण पाडलं आणि जे बोलू नये ते बोलला, "या घरात हे डबं राहीन, नाई तं तू राहशीन. काय ते ठरव." हिमांशू खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तो गेला.

डबं राहिलं.

चार वर्षं मनिराम हा एकच हिशेब स्वतःशी मांडत आला. मी वेडंवाकडं बोललो, पोराला राग आला, पोरगा गेला. मनिरामचा बाप असाच तोंडाचा फटकळ होता, तेव्हा दोष रक्तातच. पण काठी मारल्यानं पाणी तुटत नाही. राग उतरेल, पोरगा येईल, आणि येईल त्या दिवशी त्याची मशीन त्याला चालू दिसली पाहिजे. 'माफ कर' हा शब्द मनिरामच्या तोंडातून या जन्मात निघणार नव्हता. तो त्यानं त्या डब्यावर सोपवला होता. पोरगा खोलीत शिरेल, बटण दाबेल, पंखे फिरतील, आणि त्याला समजेल. म्हणून तो डबा मरून चालणार नव्हता. तो मेला तर मनिरामजवळ बोलायला दुसरं काही नव्हतं.

दर रविवारी फोन व्हायचा. मनिरामच्या वाट्याला दोन मिनिटं. "जेवला का?" "हो बाबा." "पाणी पडून राहिलं का तिकडं?" "थोडं थोडं." मग फोन रुख्माकडे जायचा, आणि ती तो घेऊन मागच्या अंगणात जायची आणि अर्धा तास यायची नाही. मायलेकांचं असतंच तसं, म्हणून मनिराम कधी मागे गेला नाही.

संक्रांतीपासून मशीन खरखरू लागली. आधी चालू करताना थोडी, मग अर्धा तास सलग. होळीनंतर तिच्यातून अशी किंचाळी निघायची की अंगणातली कुत्री उठून उभी राहायची. मनिरामनं पेचकस लावून ऐकलं, तेल वाढवलं, दोनाचे चार थेंब केले. एका संध्याकाळी जळल्याचा वास आला, दिवे गेले, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर टीं सुद्धा नाही.

आणि हे नेमकं तेव्हाच व्हायचं होतं. अक्षय तृतीयेला कोहमाऱ्याला मनिरामच्या भाचीचं, प्रेरणाचं लग्न. मागच्या रविवारी मनिरामनं धीर करून विचारलं होतं, आणि हिमांशू म्हणाला होता, "पाहतो बाबा, सुट्टी भेटली तर." मनिरामनं 'पाहतो' तेवढं ऐकलं आणि त्याचा 'येतो' करून टाकला. बाकीचं कान असून ऐकलं नाही.

"दुरुस्त करू का नवीच घेऊ, सांग," त्यानं रुख्माला विचारलं.

रुख्मा सुपात तांदूळ पाखडत होती. "भंगारवाला येते मंगळवारी. त्याले देऊन टाका."

"काय बोलून राहिली तू? पोराची मशीन हाय ते."

"चार वर्ष झाले जी. पोरगा आता असल्यानं खेळत नाई."

"तुले काय मालूम, खेळते का नाई खेळत?"

रुख्माचं सूप थांबलं. ती काहीतरी बोलणार होती, पण सुपातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला आणि म्हणाली, "तुमच्या मनाले वाटते तसं करा." मनिरामला तिचा राग आला. पोराची वस्तू भंगारात द्या म्हणणारी ही कसली आई, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं. रुख्मानं तेही ऐकून घेतलं.

सोमवारी त्यानं डबा गोधडीत गुंडाळला आणि गोंदियाला जाणाऱ्या काळीपिवळीत मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं गोधडीवर हात ठेवून विचारलं, "देव हाय का गा?" मनिराम म्हणाला, "पोराची मशीन हाय." म्हाताऱ्यानं तरीही हात जोडले. गाडीतले दोघं-तिघं हसले, मनिरामही हसला. त्या दिवशी त्याला हसू येत होतं. दुरुस्तीला निघालेल्या माणसाला धीर असतो.

दुकान खुशीचं. मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानांमधली चिंचोळी जागा, समोर काउंटर, मागे उघड्या मशीनींची रास. खुशी तिशीची असावी. तिच्या बापाचं याच जागेत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, आणि मनिराम त्या बापाला ओळखत होता, म्हणून तो इथेच आला. ती अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची, गोंदियात बोलतात तसं.

"आवाज कैसा करत होती काका?"

मनिरामनं तोंडानं आवाज काढून दाखवला. आधीची खरखर वेगळी, मधली वेगळी, शेवटची किंचाळी वेगळी. खुशी पेचकस हातात धरून ऐकत राहिली. "आप तो मुझसे अच्छे मेकॅनिक हो," ती म्हणाली आणि तिनं काच काढली.

आत काळा चिखल होता. कोंडा आणि तेल एकत्र होऊन पंख्यांच्या पात्यांवर बोटभर थर बसला होता, आणि तिथून ओघळ खालच्या हिरव्या पाटीवर उतरले होते. खुशीनं तो बोटानं खरवडून नाकाशी नेला.

"तेल? इसमें तेल कोणी टाकलं?"

"मीच," मनिराम अभिमानानं म्हणाला. "दर पंधरा दिवसाले. एक बार चुकलो नाई."

खुशी हसली, पण त्याचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं. "काका, यात तेल नाही टाकत. तेलानं धूळ धरून ठेवली. पंखे जाम झाले, मग गरम झाली, मग जळली. बंद ठेवली असती ना, तर आज चालली असती."

मनिरामला हे लगेच पटलं नाही. बंद ठेवलेली मशीन चांगली राहते, हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्यानं गिरणीतून हाकलून दिलं असतं. पण समोर चिखल दिसत होता. जन्मभर लोकांच्या मशीनींना ज्या हातांनी वाचवलं त्याच हातांनी ही मारली, एवढं त्याला कळलं, आणि त्याची मान खाली गेली.

"दुरुस्त होईन ना, पण?"

खुशी डब्यात वाकली. टॉर्च लावून तिनं एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं. मग हळूच विचारलं, "काका, ये पहले किसी को दिखाया था क्या?"

"नाई. कोनी हात नाई लावला. मीच उघडतो, पंख्यापुरती."

"कारण यात कार्ड नाही. हे बघा, गेमचं कार्ड इथं असतं. ही जागा खाली आहे. आणि इथं डिस्क असते, सगळं जमा राहते ती. ती पण नाही." तिनं बोटानं दाखवलं. "कोणी काढून घेतलं आहे. चोरानं नाही. चोर असं नाही काढत. बाहेरून दिसू नये म्हणून मागं पत्र्याची पट्टी लावली आहे, आणि उरलेले पेच पुडीत बांधून आत चिकटवले आहेत."

पुडी मनिरामनं हातात घेतली. पेच गिरणीच्या पावतीच्या कागदात बांधले होते, लहान वेगळे, मोठे वेगळे. उघडलेल्या मशीनीचा पेच कधी सुटा ठेवायचा नाही, हे हिमांशूला त्यानंच शिकवलं होतं.

"मंग हे चार वर्ष काय चालत होतं?"

"नुसते पंखे फिरत होते, काका. चालू केल्यावर आवाज करायची का? एक लांब, तीन छोटे?"

"करे ना. टीं टीं."

"ती तक्रार होती. कार्ड मिळत नाही म्हणून."

मनिराम काउंटरजवळच्या स्टुलावर बसला. हातानं फिरवावा, पण पट्ट्यावर रिकामा हालर चालवू नये, रोलर रोलरला खातो, ही गिरणीतली पहिली शिकवण. कोणी मजूर धान संपल्यावर पट्टा चालू ठेवून बिडी प्यायला गेला तर तो त्याच्या अंगावर धावून जायचा. आणि घरात त्यानं स्वतः चार वर्षं रिकामी मशीन फिरवली होती, रोज दिवा लावून.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पाच मिनिटांत त्याचं मन पुन्हा उभं राहिलं, आणि त्यानं जो विचार केला तो ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पोरानं कार्ड रागात नेलं असणार. रात्रीतून उघडलं, नेलं. म्हणजे गेमवरचं मन गेलेलं नाही. म्हणजे तो तिकडं अजून खेळत असेल. म्हणजे घरी चांगली मशीन असली तर त्याला इथंही बसावंसं वाटेल. एकावर एक विटा रचाव्या तसं त्यानं हे रचलं आणि वर चढून उभा राहिला.

"दुरुस्ती राहू दे," तो म्हणाला. "नवी बनव. कार्डासगट. चांगल्यातली चांगली."

"कोणासाठी?"

"पोरगा येऊन राहिला ना लग्नाले."

खुशीनं किंमत सांगितली. मनिरामनं मान हलवली. तेवढ्या पैशात तर गिरणीची नवी मोटार आली असती. "मुलाला विचारून घ्या काका, कोणतं कार्ड पाहिजे," ती म्हणाली. त्यानं तिथूनच फोन लावला. हिमांशूनं उचलला, मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो." फोन बंद झाला. मनिराम तासभर दुकानात बसला, चहा प्याला, खुशीच्या बापाच्या आठवणी सांगितल्या. फोन आला नाही. खुशीनं त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतले नाहीत. "पहले बेटे से बात कर लो," असं तिनं दोनदा सांगितलं. जुना डबा तिच्याकडे ठेवून, गोधडीची घडी बगलेत मारून तो निघाला.

घरी पोचेतो ऊन कललं होतं. रुख्मा अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं गोळा करत होती. मनिरामनं पायसुद्धा धुतले नाहीत.

"नवी सांगून आलो," तो म्हणाला. "उद्या बँकेत जातो. जुनीत काहीच नव्हतं, रुख्मा. कार्ड काढून नेलं त्यानं. रागात नेलं पोरानं, पाह्य! म्हंजे अजून खेळते तो. मी म्हणत नव्हतो?"

रुख्मानं टोपली खाली ठेवली. "बसा," ती म्हणाली.

"बसतो, पण आधी आइक..."

"तुमीच आइका जी. बसा."

तो पायरीवर बसला. रुख्मा उभीच राहिली, आणि त्याच्याकडे न पाहता मोहाच्या फुलांकडे पाहत बोलू लागली.

"रागात नाई नेलं त्यानं. रोवण्याच्या दिवसातच काढलं होतं. तुमी शेतावर बांधीत होते, बाया लावून. त्यानं डबं उघडलं अन् झाकण म्या धरलं. बाबाले नोको सांगू म्हणे."

"रोवण्यात?" मनिराम म्हणाला. धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, आषाढातली. भांडण झालं पोळ्यानंतर. मधे दोन महिने.

"कार्ड इकलं त्यानं. त्या पैशात पुन्यातली खोली धरली. नोकरीचं पत्र तवाच आलं होतं. तिकीट बी काढलं होतं, पोळ्यानंतरचं."

"मंग दोन महिने दार लावून काय करे तो?"

"बसून राहे. पंखे चालू करून. पंख्याचा आवाज असला का तुमी त्याले बोलवत नाई म्हणे."

मनिरामला ती दुपार दिसली. रक्ताचा हात, दाराशी बोर्ड, खुर्चीत बसलेला पोरगा आणि त्याच्यापुढचा काळा पडदा. आपण बटण पाडलं म्हणून पडदा काळा झाला, असं त्यानं धरलं होतं. पडदा आधीपासून काळा होता. पोरगा दोन महिने त्या काळ्या पडद्यापुढे बसून गाडीच्या तारखेची वाट पाहत होता.

"अन् मी बोललो ते?" त्यानं विचारलं. "डबं राहीन नाई तं तू राहशीन, ते?"

"त्याले सांगाचं कसं तेच समजत नव्हतं. गिरणी नाई पायजे, हे गाव नाई पायजे, हे बापाच्या तोंडावर बोलाले जीभ उचलत नव्हती त्याची. रोज माह्याजवळ येऊन रडे. तुमी बोलले अन् त्याचं काम सोपं झालं. तुमी नसते बोलले तरी दुसऱ्या दिशी गेलाच असता."

"अन् तू चार वर्ष मले पाहत राहिली. तेल टाकताना. नारळ ठेवताना."

"पाहत राहिली," रुख्मा म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "तुमाले वाटे का तो आपल्या बोलण्यानं गेला. ज्याले असं वाटते, त्याले हे बी वाटते का आपल्याच काही करण्यानं वापस येईन. तेवढं तुमच्याजवळ होतं. ते कायले काढून घेऊ?"

"मंग आज काऊन काढलं?"

"लग्नाले येत नाई तो. कालच्या फोनवर सांगतलं मले. अन् तुमी नवी आनाले निघाले. किती दिस फिरवणार हो तुमी तिले?"

कोणाला वाटेल, माणसाला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. चार वर्षं ज्या शब्दांसाठी त्यानं स्वतःला रोज जोडे मारले, ते शब्द कोणी मनावरच घेतले नव्हते. त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला होता. पण मनिरामचा जन्म एका धंद्यात गेला होता, आणि त्या धंद्यात चूक सापडली की अर्धं काम झालं असं मानतात. कुठं घासतं, कुठं ढिलं आहे, कोणाच्या हातून राहिलं, हे कळलं की माणूस पेचकस घेऊन बसतो. इथं त्याच्या हातून काही राहिलंच नव्हतं. पोराला फक्त दुसरीकडे राहायचं होतं. त्यात तेल घालायला जागा नव्हती.

"मी त्या दिशी चांगला बोललो असतो, तरी?"

"तरी."

"अन् आता पुन्याले जाऊन पाय धरले तं?"

रुख्मा त्याच्याजवळ पायरीवर येऊन बसली. आत देवाजवळ दिवा लावायची वेळ होऊन गेली होती, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"माही चूक पायजे होती व," मनिराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "काही तं माही चूक पायजे होती."